संगणक मध्येंच कां थांबतो?

जुन्नर तालुक्यांत आळेफाट्याच्या पूर्वेस, कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या महामार्गावर, राजुरी हें गांव आहे. तेथें गांवठाणाबाहेर, शेतांतील वस्तीवर, आमच्या वडील बंधूंचें घर आहे. कांदा, टोमॅटो आणि चार संकरित गाई यांवर त्यांचा संसार बेताबातानें चालतो. ओसरीलगतच्या पत्र्याच्या खोलींत त्यांनीं 2015 सालीं घेतलेला एक टेबलावरील संगणक आहे. दुधाचा हिशेब, पीकविम्याचे अर्ज, पुतण्याचा अभ्यास, आणि आमच्या मातोश्रींचीं शेवटच्या पांचसहा वर्षांतील सर्व छायाचित्रें, एवढा ऐवज त्या एका पेटींत सांठविलेला होता. मातोश्री 2021 सालीं वारल्या.

पुढें कांहीं वर्षांनीं हा संगणक काम करतां करतां मध्येंच बंद पडूं लागला. दादांनीं तो बाजारपेठेंतील एका दुकानांत नेला. दुकानदारानें पेटी उघडूनही न पाहतां 'विंडोज बिघडली आहे' असें निदान केलें, आणि हार्ड डिस्क फॉरमॅट करून, म्हणजे सगळी पाटी पुसून, तीवर विंडोज नव्यानें चढविली. 'बॅकअप आहे ना?' असें त्यानें आधीं विचारलें होतें. परंतु बॅकअप हा संगणकाचाच एखादा भाग असावा अशी वहिनींची समजूत झाली, व त्यांनीं 'आहे' म्हणून सांगितलें. छायाचित्रें त्या दिवशीं गेलीं. संगणक आठ दिवस बरा चालला व पुन्हां बंद पडूं लागला. दुसऱ्या खेपेस उपाय तोच झाला, पैसे तेवढेच पडले, आणि गुणही तेवढाच आला.

त्यानंतरच्या वैशाखांत मी सुटीनिमित्त राजुरीस गेलों. पुतण्या नववींतून दहावींत गेलेला, त्यानें पहिल्याच दिवशीं गाऱ्हाणें मांडलें, "काका, तो बंद पडतो." मीं विचारलें, "बंद पडतो म्हणजे नेमकें काय होतें?" हा प्रश्न त्यास आजवर कोणीं विचारलाच नव्हता. विद्यार्थिमित्रहो, ताप आलेल्या मनुष्यास वैद्य विचारतो कीं, ताप रोज येतो कीं एक दिवसाआड, थंडी वाजून येतो कीं तसाच. आणि औषधाची बाटली उघडण्यापूर्वींच हिंवतापाचा संशय त्याच्या मनांत पक्का होतो. संगणकाच्या बाबतींत मात्र आपण सर्व रोगांस 'बंद पडणें' हें एकच नांव देऊन मोकळे होतों.

वास्तविक हे निरनिराळे प्रकार आहेत. कधीं पडदा एकाएकीं काळा होतो, आणि कोणीं बटण न दाबतां संगणक पहिल्यापासून सुरू होतो. कधीं पडद्यावरील चित्र जसेंच्या तसें थिजतें, बाण हलत नाहीं, गाणें चालू असेल तर एकच सूर घरघरत राहतो. यासच लोक 'हँग झाला' म्हणतात. कधीं निळा पडदा येऊन त्यावर कांहीं इंग्रजी शब्द उमटतात. आणि कधीं एकच कार्यक्रम अडून बसतो, बाकीचें सर्व ठीक असतें. थिजलेल्या संगणकाची एक सोपी परीक्षा आहे. कळफलकावर नम लॉक नांवाची कळ असते. ती दाबली असतां बहुतेक कळफलकांवरील बारीक दिवा लागतो किंवा विझतो. हा दिवा संगणकाच्या आज्ञेनें लागतो, कळेच्या आज्ञेनें नव्हे. म्हणून पडदा थिजला असतांही दिवा कळेस दाद देत असेल, तर संगणकाचा जीव शाबूत आहे व तो कशाची तरी वाट पाहत अडला आहे, असें समजावें. बहुधा एखादा कार्यक्रम किंवा जीर्ण झालेली हार्ड डिस्क त्यास अडविते. दिवाही मेला असेल तर दुखणें खोल आहे.

मीं पुतण्यास दोन रुळांची एक वही दिली व सांगितलें कीं, पंधरा दिवस पेटीस हात लावावयाचा नाहीं. फक्त तारीख, वेळ, काय घडलें, आणि त्या वेळीं घरांत व घराबाहेर काय चाललें होतें, एवढें लिहावयाचें. त्यास हें काम नीरस वाटलें. तेव्हां मीं त्यास हार्वर्ड विद्यापीठांतील मार्क दोन या गणनयंत्राची हकीकत सांगितली. 9 सप्टेंबर 1947 रोजीं तें यंत्र चुकूं लागलें. शोध करतां एका रिलेंत, म्हणजे विजेनें उघडझांप करणाऱ्या कळेंत, एक पतंग अडकून मेलेला सांपडला. चालकांनीं तो पतंग चिकटपट्टीनें नोंदवहींत डकविला व शेजारीं दुपारचे 3 वाजून 45 मिनिटें ही वेळ आणि रिलेचा क्रमांक लिहून ठेविला. ती वही अमेरिकेंतील स्मिथसोनियन संग्रहालयांत आजही जपून ठेविलेली आहे. बिघाडास इंग्रजींत 'किडा' म्हणण्याची चाल त्यापूर्वींचीच; पण खरा किडा सांपडल्याचा विनोद त्या लोकांनीं वेळेसह नोंदविला, हें मला विशेष वाटतें.

पंधरा दिवसांनीं वही पाहिली. एकंदर 19 नोंदी होत्या, आणि त्या एका रोगाच्या नसून दोन रोगांच्या होत्या हें पाहतांक्षणींच दिसलें. अकरा वेळां संगणक आपोआप पुन्हां सुरू झाला होता. आठ वेळां तो थिजला होता व नम लॉकचा दिवाही मेला होता. आपोआप सुरू होण्याच्या बहुतेक वेळा आठवड्याच्या कांहीं दिवशीं रात्रीं दहाच्या सुमाराच्या, तर उरलेल्या दिवशीं सकाळीं साडेआठच्या होत्या. थिजण्याच्या वेळा मात्र बारा ते चार अशा भर दुपारच्या होत्या. दुकानदारास दोष देतांना मीं हेंही ध्यानांत घेतलें कीं, एका देहांत दोन रोग असतां कोणताही एक उपाय अर्धवटच लागू पडावयाचा, आणि 'आठ दिवस बरें वाटलें' या भ्रमांत रोगी व वैद्य दोघेही राहावयाचे.

पहिल्या रोगाचें मूळ मला वेळांवरून कळलें. तुमच्यापैकीं जे वस्तीवर राहतात त्यांसही एव्हांना कळलें असेल. शेतीपंपांस लागणारी तीन फेज वीज त्या वाहिनीवर पाळीनें येत असे. कांहीं दिवस दिवसा, कांहीं दिवस रात्रीं. रात्रींअपरात्रीं बिबट्याच्या भयांत विहिरीवर जाण्याचें टाळण्यासाठीं शेतकरी मोटारीस ऑटोस्विच लावतो, ज्यास गांवांत नुसतें 'ऑटो' म्हणतात. वीज येतांच मोटार आपली आपण सुरू होते. सोय मोठी, यांत संशय नाहीं. पण विजेची मोटार थांबलेल्या स्थितींतून उठतांना आपल्या नेहमींच्या प्रवाहाच्या पांचसहापट प्रवाह ओढते. एका रोहित्रावर पंधरावीस मोटारी असल्या आणि त्या सर्व एकाच क्षणीं उठल्या, म्हणजे तारांतील विजेचा दाब कांहीं क्षण धाडकन् खालीं येतो. याच कारणास्तव, आणि रोहित्रें जळतात म्हणून, 'ऑटो काढा व कपॅसिटर बसवा' असें आवाहन महावितरण शेतकऱ्यांस करीत आलें आहे.

दादांचा यावर आक्षेप असा कीं, त्या वेळीं दिवे चालू असतात, टीव्हीही चालू असतो. मग एकटा संगणकच कां दगावतो? आक्षेप उत्तम होता. मीं मल्टिमीटर आणून रात्रीं दहास संगणकाच्याच सॉकेटांत त्याच्या सुया धरल्या. पुतण्या घड्याळ घेऊन बसला. आंकडा 228 व्होल्टवर होता. तीन फेज येतांच तो 150 च्याही खालीं गेला व दोनतीन सेकंदांनीं हळूहळू वर आला. दिवा हललाही नाहीं. पूर्वींचा तारेचा पिवळा दिवा असता, तर तो मिणमिणून त्यानें घरांतील सर्वांस ही वार्ता दिली असती. परंतु हल्लींच्या एलईडी दिव्याच्या पोटांत दाब सांवरून धरणारें मंडल असतें, म्हणून तो शांत राहिला. टीव्हीचा वीजपुरवठा 100 पासून 240 व्होल्टपर्यंत कोणत्याही दाबावर चालण्यासारखा बनविलेला होता. या जुन्या संगणकाची एसएमपीएस पेटी मात्र 180 व्होल्टच्या खालीं काम न करणारी होती.

एसएमपीएस म्हणजे घरांतील वीज घेऊन तिचे 12, 5 व 3.3 व्होल्टचे एकदिश प्रवाह करून देणारी पेटी. हे दाब फार काटेकोर राहावे लागतात. 12 चा दाब 11.4 आणि 12.6 यांच्या दरम्यानच असावा, असा नियम आहे. पेटींतील मोठे कपॅसिटर पाण्याच्या टाकीप्रमाणें थोडीशी वीज सांठवून ठेवतात. बाहेरची वीज क्षणभर गेली तरी ही शिल्लक सुमारें 16 सहस्रांश सेकंद पुरते. आपल्या विजेचें एक आवर्तन 20 सहस्रांश सेकंदांचें असतें; म्हणजे एक पुरतें आवर्तन चुकलें तरी संगणक मरतो, आणि कपॅसिटर जुने होऊन फुगले असले तर त्याहून लवकर मरतो. येथें एक सूचना आग्रहानें देतों. वायर काढून ठेविल्यावरही या कपॅसिटरांत प्राणघातक वीज राहूं शकते. संगणकाची बाजूची पाटी उघडावी, आंत पाहावें. पण एसएमपीएसची पेटी विद्यार्थ्यांनीं कधींही उघडूं नये.

विजेच्या तारांच्या खोड्या ओळखण्याचें काम आपल्या तालुक्यांत फार मोठ्या प्रमाणावर चालतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या तुम्हीं नारायणगांवकडे जातांना पाहिल्या असतील. आकाशांतून येणारे अत्यंत क्षीण संकेत त्या टिपतात. म्हणून तारेच्या एखाद्या सैल जोडांत पडणारी ठिणगीही त्यांस मेघगर्जनेसारखी होते. ती ठिणगी कोणत्या खांबावर पडते याचा शोध घ्यावा लागतो. आमचा शोध त्यामानानें सोपा होता. तो विहिरीपाशींच संपला. कारण, पहिला ऑटो दादांच्याच मोटारीवर होता. दादा कांहीं बोलले नाहींत, पण दुसऱ्या दिवशीं त्यांनीं तो काढून ठेविला. शेजाऱ्यांचे ऑटो कांहीं सुटले नाहींत, म्हणून संगणकास 600 व्हीएचा एक यूपीएस जोडावा लागला. वीज डळमळतांच तो दहा सहस्रांश सेकंदांच्या आंत बॅटरीवर जातो, आणि पेटींतील शिल्लक तेवढा वेळ निभावते. आपोआप पुन्हां सुरू होण्याच्या नोंदी त्या दिवसापासून थांबल्या.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ही सगळी साक्ष संगणकाच्या पोटांतच लिहिलेली होती. विंडोजमध्यें इव्हेंट व्ह्यूअर नांवाची रोजनिशी असते. संगणक रीतसर बंद न होतां पुन्हां सुरू झाला कीं तींत कर्नल-पॉवर या नांवाखालीं 41 या क्रमांकाची नोंद वेळेसह पडते. ती नोंद कारण सांगत नाहीं, वेळ सांगते; पण वेळ कळली म्हणजे अर्धें कारण कळलें. दुकानांत फॉरमॅट करतांना छायाचित्रांबरोबर ही रोजनिशीही पुसली गेली. रोग्याची जीभ कापून मग त्यास 'काय होतें' असें विचारण्यासारखेंच तें झालें.

आतां दुसरा रोग. दुपारीं पत्र्याखालीं खोली तापते, तेव्हांच संगणक थिजतो; यावरून संशय उष्णतेवर जाणें साहजिक होतें. पाटी उघडली. आंत धुळीचा असा थर होता कीं, प्रोसेसरवरील पंख्याखालच्या जाळीवर घोंगडी पांघरल्यासारखी दिसत होती. ती फुंकणीनें व ब्रशानें साफ केली, प्रोसेसरवरील वाळलेला थर्मल पेस्ट पुसून नवा लावला. प्रोसेसरची उष्णता पूर्वीं 90 अंशांच्या वर जात होती ती 65 वर आली. आम्हांस वाटलें, जिंकलें. तिसऱ्या दिवशीं दुपारीं दोन वाजतां संगणक पुन्हां थिजला. शिवाय नुसता प्रोसेसर तापला असतां, तर तो प्रथम आपला वेग कमी करतो, आणि सुमारें 100 अंशांपुढें गेला कीं स्वतःस बंद करून घेतो. तो असा थिजून बसत नाहीं. याचा विचार मीं आधींच करावयास हवा होता. धूळ काढली हें चांगलेंच झालें, पण तें या रोगाचें औषध नव्हतें.

मग दोषी कोण? हार्ड डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतः ठेवते. ती पाहिली, एकही जागा निकामी झालेली नव्हती. ड्रायव्हर म्हणून जे छोटे कार्यक्रम असतात, त्यांत दोष असता तर निळ्या पडद्यावर दर वेळीं बहुधा एकच नांव आलें असतें. आज्ञावलींतील असा दोष प्रत्यक्ष मंगळावर झालेला आहे. 4 जुलै 1997 रोजीं तेथें उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक पुन्हांपुन्हां आपोआप सुरू होऊं लागला. पृथ्वीवरील अभियंत्यांनीं तशाच दुसऱ्या संगणकावर तीच परिस्थिति घडवून आणली, तेव्हां एक हलकें काम सामायिक साधन अडवून बसतें व महत्त्वाचें काम ताटकळतें असें आढळलें, आणि दुरुस्ती त्यांनीं येथूनच पाठविली. आमच्याकडे तसें नव्हतें. पुतण्याच्या वहींत दर वेळीं निराळाच कार्यक्रम अपराधी दिसत होता. एकदां ब्राउझर, एकदां दुधाच्या हिशेबाचा तक्ता, एकदां तर नुसतें रिकामें घड्याळ. अपराधी दर वेळीं बदलतो, तेव्हां त्या सर्वांच्या पायाखालील जमीनच खचलेली नाहीं ना, हें पाहावें. ती जमीन म्हणजे रॅम.

रॅम ही संगणकाची चालती स्मृति. 4 जीबीच्या एका पट्टींत सुमारें 3,400 कोटी बारीक खण असतात, आणि प्रत्येक खण म्हणजे एक अतिसूक्ष्म कपॅसिटर. भरलेला असला तर एक, रिकामा असला तर शून्य. गंमत अशी कीं हे सारे खण गळके असतात. म्हणून प्रत्येक खण 64 सहस्रांश सेकंदांच्या आंत वाचून पुन्हां भरावा लागतो, आणि हें काम अहोरात्र चालूं असतें. एखादाच खण इतरांहून अधिक गळका निघाला, तर भरणारा परत येण्यापूर्वींच तो रिता होतो, आणि एकाच्या जागीं शून्य वाचलें जातें. उष्णता वाढली कीं गळती वाढते. दुपारच्या वेळांचा उलगडा असा झाला. आमचा उष्णतेवरचा संशय खोटा नव्हता, आम्हीं तो चुकीच्या भागावर घेतला होता. आणि तो गळका खण वापरांत येईपर्यंत संगणक ठणठणीत चालतो, म्हणून कांहीं दिवस मुळींच त्रास होत नसे.

पेटींत अशा दोन पट्ट्या होत्या. पट्टी काढून तिचे सोनेरी दांत खोडरबरानें पुसण्याचा उपाय सर्वत्र प्रसिद्ध आहे, व जोड मळला असेल तर तो लागूही पडतो. पुतण्यानें तो माझ्या परवानगीवांचून करून पाहिला होता. मीं मेमटेस्ट हा मोफत मिळणारा कार्यक्रम पेन ड्राइव्हवर घातला. तो विंडोजवांचून चालतो, रॅमच्या प्रत्येक खणांत ठराविक आंकडे लिहितो व परत वाचून पाहतो. दुपारीं बाराला लावला. दोनच्या सुमारास पडद्यावर तांबड्या ओळी उमटूं लागल्या. परंतु दोष पट्टीचा कीं ती जींत बसते त्या खांचेचा? येथें घाई केली असती तर नवी पट्टी घेऊन पैसे वायां गेले असते. आम्हीं एक पट्टी काढून ठेविली व दुसरी एकटी तपासली. मग पट्टी तीच ठेवून खांच बदलली. मग पट्टी बदलली. एका वेळीं एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची वहींत नोंद. चार दुपारी यांत गेल्या. एक पट्टी दोन्ही खांचांत निर्दोष ठरली. दुसरी जेथें गेली तेथें दोष तिच्याबरोबर गेला. ती काढून टाकल्यापासून संगणक थिजलेला नाहीं. स्मृति निम्मी झाल्यामुळें तो थोडा मंद चालतो इतकेंच.

उरलीं छायाचित्रें. फॉरमॅट करण्यानें बहुधा पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली जाते; पानें तशींच राहतात, व नवा मजकूर ज्या पानांवर लिहिला जातो तेवढींच नाहींशीं होतात. दादांनीं त्याच दिवशीं संगणक वापरणें थांबविलें असतें, तर पुष्कळ कांहीं वांचलें असतें. येथें तर दोनदां फॉरमॅट होऊन मधल्या काळांत त्याच डिस्कवर सर्व कामें चालूं राहिलीं होतीं. तरी मीं डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडली, तीवर कांहीं न लिहितां फोटोरेक नांवाच्या मोफत कार्यक्रमानें दोन दिवस शोध चालविला. एकंदर 63 चित्रें हातीं लागलीं. बहुतेक पुतण्याच्या शाळेचीं व गाईंचीं होतीं. मातोश्रींचीं तीन निघालीं. दोन स्पष्ट आहेत. तिसऱ्यांत त्या अंगणांत कांदे निवडीत बसल्या आहेत. चेहरा व खांदे नीट दिसतात, त्याखालचा भाग नव्या मजकुराखालीं जाऊन नुसता करड्या रंगाचा झाला आहे. वहिनींनीं तेंच चित्र छापून घेऊन ओसरीवर लाविलें आहे, आणि त्याच्या चार प्रती पुतण्यानें चार ठिकाणीं ठेविल्या आहेत.